कमिन्स ६बीटीचं हेड: नागपूरच्या काउंटरवर मिळणाऱ्या सामानाची पारख

नागपूरजवळच्या वाडीच्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात "२५१५ चं हेडचं काम आहे, सामान काढा" म्हटलं की समोरून एकच प्रश्न येतो: "कंपनीचं देऊ की लोकल?" मग सगळ्या यादीला एकच उत्तर दिलं जातं. हातात पैसा असला तर सगळं कंपनीचं, नसला तर सगळं लोकल. हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, कामात पैसा वाया जातो तो इथेच. काही भागांत कंपनीच्या डब्याशिवाय दुसरं काही घेऊच नये. काही ठिकाणी नावाजलेल्या पुरवठादाराचा माल पूर्ण चालतो. आणि बरेच भाग असे असतात की ते मोजून, साफ करून परत बसवता येतात, नवे घेण्याची गरजच नसते. कुठला भाग कुठल्या खात्यात जातो हे दुकानात ठरत नाही, हेड उतरवून मायक्रोमीटर लावल्यावर ठरतं.

हा आढावा टाटा-कमिन्सच्या ६बीटी, ५.९ लिटर, बारा व्हॉल्व्हच्या इंजिनापुरता आहे. २५१५, २५१६ सारख्या दहाचाकींत बसलेलं, उमरेडचा कोळसा, रेती, सिमेंट ओढणारं आणि जबलपूरच्या रस्त्याला कुरईचा घाट चढणारं हे इंजिन. चोवीस व्हॉल्व्हच्या आयएसबीईला यातले आकडे लावू नका. त्याचं हेड, गॅस्केट आणि डिझेल फवारणारा नोझल सगळंच वेगळं आहे.

बाजारात माल चार प्रकारचा आहे. पहिला, कमिन्सच्या स्वतःच्या डब्यातला. दुसरा, इंजिनांचे भाग बनवणाऱ्या जुन्या कंपन्यांचा त्यांच्या स्वतःच्या डब्यातला: गॅस्केटमध्ये टॅल्ब्रोस आणि बॅन्को, व्हॉल्व्हमध्ये राणे आणि उषा, नोझलमध्ये बॉश. जुने मिस्त्री बॉशला आजही मायको म्हणतात, कंपनीचं नाव २००८ साली बदललं. तिसरा, साध्या पुठ्ठ्याच्या डब्यातला बिननावाचा माल. आणि चौथं म्हणजे तयार रिकंडिशन हेड, आपलं जुनं देऊन घ्यायचं.

आधी हेडचंच काम आहे ना, ते बघा

गाडी ऑइल खाते, धूर मारते, पिकअप नाही, एवढ्यावर हेड उतरवलं आणि रोग पिस्टनच्या रिंगमध्ये निघाला तर हेडवरचा सगळा खर्च पाण्यात. म्हणून सामान घेण्याआधी एक तपासणी करा. नोझल काढून त्या जागी अडॅप्टर लावा, तो सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यांत वर असतो त्या जागी) आणा आणि कॉम्प्रेसरची हवा भरा. गाडी गिअरमध्ये घालून चाकांना उटी (अडसर) लावा, नाही तर हवेच्या दाबाने क्रँक फिरेल. आता कान लावा. सायलेन्सरमधून हवा आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतो. एअर क्लीनरच्या पाइपातून आली तर इनटेक. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. ऑइल भरायच्या तोंडातून जोरात आली तर रिंग गेल्या, आणि मग नुसत्या हेडच्या कामाने भागणार नाही. ६बीटीला वेगळी स्लीव्ह नाही, ब्लॉकमध्येच बोअर आहे. त्यामुळे बोअरचं काम निघालं तर खर्चाचा हिशोब पूर्ण बदलतो, आणि तो हेड उतरवण्याआधी मालकाला कळायला हवा.

थोडी हवा रिंगमधून सगळ्याच चालत्या इंजिनांत निघते, तिला घाबरू नका. सहाही सिलिंडर तपासा आणि एकमेकांशी ताडून बघा. पाच सारखे आणि एक वेगळा असेल तर तो एकटाच आजारी आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे इंजिन नंबर. गिअर हाऊसिंगवरच्या प्लेटवर इंजिनचा सिरियल नंबर आणि सीपीएल नंबर असतो. कमिन्समध्ये कोणत्या इंजिनात कोणते भाग बसले हे सीपीएलवरून ठरतं. चेसिसच्या वर्षावर भरवसा ठेवू नका. वीस वर्षं चाललेल्या गाडीत इंजिन अदलाबदल झालेलं असणं अगदी साधी गोष्ट आहे. प्लेटचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो दाखवूनच माल मागा. दुकानदार सीपीएल न विचारता नोझल काढून देत असेल, तर तो अंदाजाने देतो आहे.

हेड गॅस्केट: इथे काटकसर नको

या एका भागासाठी कमिन्सचा डबा किंवा नावाजलेल्या गॅस्केट कंपनीचा माल, यापलीकडे जाऊ नये. बिननावाच्या गॅस्केटमध्ये दोन दोष वारंवार दिसतात. एक, सिलिंडरभोवतीची स्टीलची कडी सगळीकडे सारखी दाबलेली नसते. दुसरा, पाण्याची आणि ऑइलची भोकं मूळ नमुन्यापेक्षा लहान किंवा सरकलेली असतात. डबा उघडल्यावर नवं गॅस्केट ब्लॉकवर कोरडं ठेवून प्रत्येक भोक जुळवून बघा. ऑइलचं भोक अर्धं झाकलं गेलं तर वर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरला ऑइल कमी जातं आणि ते कळायला महिना-दोन महिने लागतात. तोवर रॉकरचे बुश खाल्लेले असतात.

६बीटीचं गॅस्केट तीन जाडींत येतं: स्टँडर्ड, ०.२५ मि.मी. जाड आणि ०.५० मि.मी. जाड. जाड गॅस्केट हे ब्लॉकचा फेस मारला (वरचा सपाट पृष्ठभाग मशीनवर घासला) असेल तेव्हासाठी आहे. ब्लॉक जेवढा खाली गेला तेवढा पिस्टन वर येतो, ते अंतर भरून काढायला. "सेफ्टीसाठी जाड टाका" हा सल्ला काउंटरवर सर्रास मिळतो आणि तो चुकीचा आहे. ब्लॉकला हात लागलेला नसताना जाड गॅस्केट टाकलं की कॉम्प्रेशन उतरतं, सकाळी सेल्फ जास्त मारावा लागतो, पांढरा धूर येतो आणि ॲव्हरेज पडतो. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे डायल गेजने सहाही सिलिंडरला मोजा, मगच जाडी ठरवा. जुन्या गॅस्केटशी नव्याची जाडी ताडून बघण्यात अर्थ नाही. जुनं दाबलं गेलेलं असतं. जाडी पार्ट नंबरवरून ओळखायची.

जुनं गॅस्केट खरवडताना ग्राइंडरला सँडिंग डिस्क लावून ब्लॉक चकचकीत करण्याची पद्धत बंद व्हायला हवी. डिस्क मऊ ठिकाणी जास्त खाते, फेसवर खड्डे पडतात, आणि तिची धूळ ऑइलच्या वाटेने थेट बेअरिंगपर्यंत जाते. धार असलेली पट्टी, डिझेल आणि हाताची मेहनत, एवढंच पुरेसं आहे. शेलॅक, सिलिकॉन, चांदीचा रंग यातलं काहीही या गॅस्केटवर लावायचं नाही. ते कोरडंच बसतं.

हेड बोल्ट

६बीटीला २६ हेड बोल्ट आहेत, तीन लांबींचे. सगळ्यांत लांब बोल्ट रॉकरच्या पेडेस्टलमधूनच जातात. हे बोल्ट आधी टॉर्कने आणि मग कोनाने आवळायचे असल्यामुळे दर वेळी थोडे ताणले जातात. म्हणून त्यांना वापराची मर्यादा आहे, पण दर वेळी नवे घ्यायचीही गरज नाही. कमिन्सच्या पुस्तकात तिन्ही बोल्टची कमाल मुक्त लांबी दिली आहे. व्हर्नियर लावा, मर्यादेत असेल आणि मानेवर गंजाचे खड्डे नसतील तर तोच बोल्ट परत बसवा. बदलायचाच असेल तर फक्त कमिन्सचा घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला त्याच आट्याचा बोल्ट कोनाच्या फिरकीत ताण धरत नाही, आणि तुटला तर ब्लॉकमधून टोक काढायला दोन दिवस जातात.

आवळताना आधी ब्लॉकमधल्या भोकांतलं ऑइल आणि पाणी हवेने उडवा. भोकात द्रव राहिला तर बोल्ट त्याला दाबतो, पाना टॉर्क दाखवतो पण हेडवर दाब येत नाही, आणि कधी कधी भोकाच्या तळाशी ब्लॉक तडकतो. आट्यांना आणि बोल्टच्या डोक्याखाली इंजिन ऑइलचा हलका हात. मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, सगळे ९० न्यूटन-मीटर. नंतर लांब बोल्ट १२० न्यूटन-मीटर. पाना एकदा परत फिरवून खात्री, आणि शेवटी सगळे ९० अंश, म्हणजे पाव फेरा. आपल्याकडे बरेच पाने किलो-मीटरमध्ये (किलोग्रॅम-मीटर) असतात, त्यावर हे सुमारे ९.२ आणि १२.२ येतं. पाव फेऱ्यासाठी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर रंगाची खूण करा. एक राहिला की कुठला राहिला हे नंतर आठवणीने सांगता येत नाही. शंभर किलोमीटर चालवून परत आवळण्याची जुनी रीत इथे लावू नका, कोनाने आवळलेल्या बोल्टला ती गरज नाही.

व्हॉल्व्ह, सीट आणि गाईड

खरं काम इथे आहे, आणि इथे सामानापेक्षा मशीनवाल्याचा हात जास्त महत्त्वाचा. हिंगणा एमआयडीसीत असो की वाडीत, हेड ज्याच्याकडे द्यायचं त्याला एक प्रश्न विचारा: "६बीटीच्या इनटेकची सीट किती अंशाची?" उत्तर ३० आलं पाहिजे. एक्झॉस्ट ४५ आणि इनटेक ३० अंश. जो सगळ्या बारा सीटला एकच ४५ चा दगड फिरवतो त्याच्याकडे हेड देऊ नका. तीस अंशाचा व्हॉल्व्ह पंचेचाळीस अंशाच्या सीटवर फक्त एका धारेवर टेकतो. लॅपिंग करून (पेस्ट लावून घासून) काही दिवस तो धरेल, पण उष्णता सीटमध्ये जायला जागाच मिळत नाही आणि व्हॉल्व्ह जळतो.

आता व्हॉल्व्ह बदलायचा की नाही? तीन मापं घ्या. स्टेम (दांडा) सुमारे ८ मि.मी. असतो, ७.९४ च्या खाली गेला तर बाद. डोक्याच्या कडेची जाडी ०.७९ मि.मी. पेक्षा कमी राहिली तर बाद, कारण पातळ कड लाल होते आणि तिथून व्हॉल्व्ह फुटतो. आणि टोकाला रॉकरने खड्डा पाडला असेल तर बाद. बाकी व्हॉल्व्ह वाकलेला नसेल तर ग्राइंड करून आरामात चालतो. इनटेकचे सहाही व्हॉल्व्ह अनेकदा असे वाचतात. एक्झॉस्टचे मात्र बहुतेक वेळा बदलावे लागतात.

नवे घ्यायचे झाले तर इनटेकला राणे किंवा उषा डोळे झाकून घ्यावेत. एक्झॉस्टला कमिन्स किंवा याच दोन नावांपैकी एक, पण बिननावाचा कधीही नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं उष्णता सोसणाऱ्या वेगळ्या पोलादाचं असतं आणि दांडा साध्या कडक पोलादाचा, दोन्ही जोडलेले. ते डोक्याचं पोलाद चुंबकाला चिकटत नाही, दांडा चिकटतो. तुमच्या इंजिनातून निघालेल्या मूळ एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर आधी चुंबक लावून बघा, मग काउंटरवरच्या नव्यावर. मूळचं डोकं चिकटत नाही आणि नव्याचं चिकटतं, तर तो व्हॉल्व्ह परत करा, डब्यावर काहीही लिहिलेलं असो. खिशात छोटा चुंबक ठेवण्याइतकी स्वस्त परीक्षा दुसरी नाही.

सीटच्या बाबतीत हेड हातात घेऊन बघावं लागतं. काही हेडमध्ये सीट कास्टिंगमध्येच कापून कडक केलेली असते, वेगळी रिंग नसते. काहींमध्ये रिंग असते किंवा आधीच्या कामात कोणी टाकलेली असते. रिंग टाकायची वेळ आली तर ती घट्ट मापात, थंड करून दाबली गेली पाहिजे. ठोकून बसवलेली, आणि वरून पंचाने कड दाबून अडकवलेली रिंग घाटात लोडवर सुटते. सुटलेली सीट व्हॉल्व्हखाली आडवी आली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो, आणि हेडचं काम पूर्ण इंजिनाचं होतं. सीटची टेकायची रुंदी दीड ते दोन मि.मी. असावी. अरुंद सीट लवकर बसते, रुंद सीटवर कार्बन अडकतो.

गाईडबद्दल एक गैरसमज फार आहे. मूळ ६बीटीच्या हेडमध्ये वेगळे गाईड नसतातच, हेडच्या बिडातच (ओतीव लोखंडातच) भोक आहे. ते भोक ८.०९ मि.मी. च्या पुढे गेलं तरच रीमर मारून आत गाईड किंवा ब्राँझचा बुश टाकायचा. काउंटरवर "बारा गाईडचा सेट" पुढे केला जातो, पण भोकं मोजल्याशिवाय तो घेऊ नका. चांगल्या मूळ भोकात विनाकारण रीमर मारणं म्हणजे हेडचं आयुष्य कमी करणं. भोक वर आणि खाली, दोन्ही टोकांना, आडवं-उभं मोजा. झीज टोकांना जास्त असते, मध्ये मोजलं तर सगळं ठीक दिसतं. बुश टाकलाच तर सीटचं काम त्यानंतर करायचं, आधी नाही. सीटचा दगड गाईडच्या आधारानेच फिरतो.

हेडचा फेस मारला असेल तर आणखी एक माप आहे आणि ते हमखास विसरलं जातं: व्हॉल्व्ह हेडच्या फेसपासून किती आत बसतो. ६बीटीला ते ०.९९ ते १.५२ मि.मी. च्या दरम्यान हवं. फेस मारला की ते कमी होतं, सीट कापली की वाढतं. कमी राहिलं तर व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. जास्त झालं तर कॉम्प्रेशन पडतं आणि लोडवर काळा धूर येतो. डेप्थ गेजने बाराही व्हॉल्व्ह मोजून कागदावर लिहून घ्या. मशीनवाल्याला सांगा की फेस किती मारला तो आकडा हेडच्या कोपऱ्यावर पंच करून ठेव. पुढच्या मिस्त्रीला त्याचा उपयोग होईल.

काम झाल्यावर निळा रंग लावून व्हॉल्व्ह एकदा टेकवा, सगळीकडून सलग रेघ उमटली पाहिजे. मग हेड आडवं ठेवून पोर्टमध्ये डिझेल भरा आणि पंधरा मिनिटं थांबा. खाली ओल आली तर तो व्हॉल्व्ह परत. लॅपिंग फक्त खात्री करण्यापुरती हलकी. तासभर घासून जुळवलेला व्हॉल्व्ह म्हणजे सीट नीट कापली गेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि पेस्टचा कणही आत राहता कामा नये.

तडा बघण्यासाठी हेडची पाण्याची भोकं बंद करून, गरम पाण्यात बुडवून हवेचा दाब द्यायचा. थंड हेडमध्ये न दिसणारा तडा गरम झाल्यावर उघडतो. ज्या गाडीने एकदा पाणी सोडून उकळी मारली आहे, तिच्या हेडची ही तपासणी फेस मारण्याच्या आधी करा. फेसचे पैसे देऊन मग तडा सापडला तर दोन्हीकडून नुकसान.

सील, स्प्रिंग, रॉकर

स्टेम सीलची किंमत चहापाण्याइतकी आणि परिणाम मोठा. साधं काळं नायट्राइल रबर हेडच्या उष्णतेत लवकर कडक होतं आणि चिरतं. व्हायटॉनचं सील कितीतरी जास्त सोसतं. रंगावरून ओळखायला जाऊ नका, रंग कोणीही देऊ शकतो. नावाजलेल्या कंपनीचाच सेट घ्या. बसवताना व्हॉल्व्हच्या टोकाला, लॉकच्या खाचेवर, प्लास्टिकची टोपी किंवा निदान सेलोटेपचा एक वेढा द्या. त्या खाचेची धार सीलच्या ओठाला कापते, आणि नव्या सेटवर गाडी ऑइल खाऊ लागली की दोष सामानाला दिला जातो.

स्प्रिंग सगळ्या काचेवर उभ्या करून गुण्याने बघा, वाकलेली बाद. उंचीला सगळ्या सारख्या असाव्यात. दोन-तीन बसलेल्या निघाल्या तर पूर्ण बाराचा सेट बदला. पुशरॉड काचेवर गडगडवा, सरळ असेल तर परत वापरा, बदलण्याची गरज क्वचितच पडते. रॉकरच्या स्क्रूचा गोल आणि पुशरॉडची वाटी मात्र नखाने तपासा, खरखर लागली तर दोन्ही बदला. एकच बदललं तर नवं जुन्याला खातं.

रॉकर कव्हर ६बीटीला सहा वेगळी आहेत आणि त्यांची रबरी पॅकिंग चांगली असेल तर परत चालते. इथे पैसे वाचवा. कव्हरचा बोल्ट २४ न्यूटन-मीटरच, त्याहून जास्त आवळला तर कव्हर वाकतं आणि मग कितीही नवी पॅकिंग टाका, गळतंच.

नोझल आणि तांब्याचं वॉशर

६बीटीच्या हेडमध्ये नोझलच्या टोकाच्या दोन मापांची भोकं आढळतात, ७ मि.मी. आणि ९ मि.मी. रिकंडिशन हेड घेताना हे पहिलं बघा, नाही तर तुमचे जुने नोझल त्यात बसणार नाहीत. नोझल बॉशचेच, आणि सहाही एकत्र, डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडून एकाच दाबावर सेट करून घ्यावेत. तुमच्या सीपीएलचा दाब त्याला सांगा आणि सहाही आकडे चिठ्ठीवर लिहून मागा. एका सिलिंडरला कमी दाब असला तर त्याच सिलिंडरचा पिस्टन आधी जळतो.

जुनं तांब्याचं वॉशर बऱ्याचदा भोकातच चिकटून राहतं. वर नवं टाकलं की दोन झाली. नोझल वर उचलला जातो, फवारा पिस्टनच्या खळग्यात पडायच्या ऐवजी कडेला पडतो, काळा धूर येतो, आणि सगळे पंपाला दोष देतात. बॅटरी घेऊन भोकात बघा, आकड्याने जुनं ओढून काढा. नवं वॉशर जुन्याच जाडीचं घ्या. नोझलचा नट ६० न्यूटन-मीटर, म्हणजे सुमारे ६.१ किलो-मीटर.

थर्मोस्टॅट काढू नका

नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि गाडी तापली की पहिला उपाय म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकला जातो. ६बीटीत हा उपाय उलटा पडतो. या इंजिनाचा थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंदही करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि पाण्याचा काही भाग रेडिएटरमध्ये न जाता इंजिनातच फिरत राहतो. घाटात गाडी आणखी तापते. थर्मोस्टॅट ८३ अंशांना उघडायला लागतो आणि ९५ ला पूर्ण उघडतो. पातेल्यात पाणी, थर्मामीटर आणि गॅस, दहा मिनिटांत तपासता येतो. नवा घ्यायचा तर कमिन्सचाच, फक्त जागेत बसतो म्हणून दुसरा नको.

तापण्याचं खरं कारण बहुतेकदा पाणी असतं. बुटीबोरीपासून वर्ध्यापर्यंत ढाब्याच्या बोअरचं जड पाणी भरत राहिलं की हेडच्या आतल्या वाटांत पांढरा थर जमतो. एक्झॉस्ट सीटच्या मागे तो जमला की तिथेच हेड तडकतं. हेड खाली असताना या वाटा तारेने आणि केमिकलने साफ करून घ्या, आणि परत भरताना कूलंट निम्मं-निम्मं, शुद्ध पाण्यातच. हेडचे कोअर प्लग गंजलेले असतील तर याच वेळी बदला. हेड बसल्यावर मागच्या प्लगपर्यंत हात जात नाही.

रिकंडिशन हेड घ्यावं का?

गाडी उभी ठेवणं परवडत नसेल आणि आपलं हेड तडकलं असेल, तर घ्यावं. पण हेड फक्त "टाकून" देणाऱ्याकडून नाही. त्याने आकडे दिले पाहिजेत: व्हॉल्व्हची खोली, फेस किती मारला, नोझलचं भोक, दाबाची तपासणी झाली का. गॅसने वेल्डिंग केलेलं बीड नको. वेल्डच्या बाजूला बीड कडक आणि ठिसूळ होतं आणि तडा तिथूनच पुढे जातो. आपलं हेड फक्त झिजलं असेल, तडकलं नसेल, तर तेच नीट करून घेणं जास्त चांगलं. त्याचा इतिहास आपल्याला ठाऊक असतो.

बिल पक्कंच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. आधी बऱ्याच भागांवर २८ होता, तेव्हा "बिलाशिवाय स्वस्त" या म्हणण्याला थोडं वजन होतं. आता ते राहिलं नाही. बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या, नुसतं "हेड सेट" नको. बनावट डबा निघाला तर परत करायला हाच कागद लागतो. सील तुटलेला, बॅच नंबर खोडलेला, छपाई पुसट असलेला डबा काउंटरवरच नाकारा.

टॅपेट

बसवून झाल्यावर टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) थंड इंजिनवर, इनटेक ०.२५ मि.मी. आणि एक्झॉस्ट ०.५१ मि.मी., म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत दहा आणि वीस (हजारांश इंच). फायरिंगचा क्रम १-५-३-६-२-४. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणून पहिल्याचे दोन्ही, दुसऱ्याचा इनटेक, तिसऱ्याचा एक्झॉस्ट, चौथ्याचा इनटेक आणि पाचव्याचा एक्झॉस्ट लावा. टाइमिंग पिनने टीडीसी धरली असेल तर ती आधी ओढून काढा, पिन आत असताना क्रँक फिरवली की तुटते. मग क्रँकचा पूर्ण एक फेरा, आणि उरलेले सहा: दुसऱ्याचा एक्झॉस्ट, तिसऱ्याचा इनटेक, चौथ्याचा एक्झॉस्ट, पाचव्याचा इनटेक, सहाव्याचे दोन्ही.

थंड म्हणजे इंजिन ६० अंशांच्या खाली. संध्याकाळी गाडी चालवून बघितली असेल तर त्याच रात्री कव्हर उघडून टॅपेट परत लावू नका. उन्हाळ्यात हेडचं बीड रात्री उशिरापर्यंत गरम राहतं. सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, बाराही टॅपेट एकदा फीलरने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) तपासा. नव्या सीटवर व्हॉल्व्ह थोडा बसतो आणि एक-दोन टॅपेट घट्ट झालेले हमखास सापडतात. घट्ट टॅपेटचा आवाज येत नाही, म्हणून कान लावून तो कळत नाही, फीलर घालूनच कळतो.